टेबलावर काय उरले आहे?



आजच्या स्वाध्यायासाठी आपण एखादे वचन किंवा बोधकथा घेणार नाही, आपण एक चित्र पाहणार आहोत. त्या चित्रात देव नाही, संत नाही, डोंगर-नदीही नाही. एका चित्रकाराच्या घरातील रोजच्या वापराच्या वस्तू तेवढ्या आहेत. ताटलीत कांदे, शेजारी पाइप आणि तंबाखूची पिशवी, मेणबत्ती, एक पुस्तक, एक पत्र आणि एक बाटली. अशा चित्राला आपण स्थिरचित्र म्हणतो. आपल्यापैकी ज्यांनी महाराष्ट्रात शाळेत असताना रेखाकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिल्या असतील, त्यांना समोर मांडलेला तांब्या, एखादे फळ आणि मागे सोडलेले कापड आठवेल. तासभर आपण त्या तांब्याकडे जितके पाहिले, तितके घरच्या तांब्याकडे कधीच पाहिले नव्हते!

हे चित्र आहे व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकाराचे. जानेवारी १८८९ मध्ये, दक्षिण फ्रान्समधील आर्ल या गावी त्याने ते रंगवले. आकार फार मोठा नाही, साधारण ५० सेंटिमीटर उंच आणि ६४ सेंटिमीटर रुंद. आज ते नेदरलँड्समधील ओटर्लो येथील क्रोलर-म्युलर संग्रहालयात आहे.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे आणि फावल्या वेळात येथील लेखांचा मराठी अनुवाद करण्याची सेवा करते. चित्रकलेतले मला विशेष काही कळत नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील एका जाड पुस्तकात हे चित्र प्रथम पाहिले, तेव्हा वाटले, यात काय पाहायचे? कांदे तर आपल्या टोपलीतही आहेत. पण हे चित्र कोणत्या दिवसांत काढले गेले हे वाचल्यावर मी पुस्तक मिटू शकले नाही. ते मी तुम्हाला सांगणार आहे, आणि मग आपण मिळून एका प्रश्नाचा विचार करू: सर्व काही विस्कटल्यावर माणसाने पुन्हा सुरुवात कोठून करावी?

प्रथम चित्र नीट पाहू या

घाई न करता पाहू या. टेबलावर एक ड्रॉइंग बोर्ड आडवा ठेवला आहे आणि बहुतेक वस्तू त्या बोर्डावर मांडल्या आहेत. म्हणजे ज्या फळीवर कागद लावून चित्र काढायचे, तीच आज मांडणीची जागा झाली आहे. ताटलीत कांदे आहेत आणि त्यांना हिरवे कोंब फुटले आहेत. आपल्या घरीही टोपलीच्या तळाशी राहिलेल्या कांद्याला असेच कोंब येतात. कोणी पेरले नाही, पाणी घातले नाही, तरी आतून हिरवे येते.

कांद्यांजवळ पाइप आणि तंबाखू आहे. बाजूला पेटलेली मेणबत्ती आहे आणि लाखेची कांडी आहे. पूर्वी पत्राचे पाकीट बंद करताना लाख ज्योतीवर वितळवून तिचा ठिपका पाकिटावर देत असत. जवळच एक पत्र आहे. ते व्हिन्सेंटच्या धाकट्या भावाचे, थिओचे आहे. मग एक पुस्तक आहे, त्याच्यावरचे नाव वाचता येते. ते फ्रान्स्वा रास्पाय यांचे घरगुती आरोग्यावरील पुस्तक आहे. शिवाय एक मोठी बाटली आणि एक भांडे आहे. चित्राचे रंग उजळ आहेत. एखाद्या दुःखी माणसाचे हे चित्र आहे, असे पाहणाऱ्याला वाटणारही नाही.

एवढेच चित्र आहे. माणूस कोठेही नाही. पण नुकतेच कोणीतरी येथून उठून गेले असावे आणि लगेच परत येईल, असे मात्र वाटत राहते.

या टेबलापूर्वी काय घडले होते?

व्हिन्सेंटचा जन्म ३० मार्च १८५३ चा. वडील धर्मोपदेशक होते. तरुणपणी त्याने चित्रविक्रीच्या पेढीत नोकरी केली, ती सुटली. नंतर वडिलांप्रमाणे धर्मसेवा करावी म्हणून तो बेल्जियममधील बोरिनाज या कोळसा खाणींच्या भागात गेला. तेथील मजुरांचे हाल पाहून त्याने आपले कपडे आणि सामान वाटून टाकले आणि स्वतः झोपडीत राहू लागला. त्याला नेमणाऱ्या समितीला हे वागणे पटले नाही आणि १८७९ मध्ये त्याची नेमणूक पुढे वाढवली गेली नाही. दुसऱ्या वर्षी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रकार व्हायचे ठरवले.

हे मी मुद्दाम सांगते आहे. वस्तूंचा मोह असलेला हा माणूस नव्हता, त्याने सर्व काही देऊन पाहिले होते. म्हणून नंतर जेव्हा तो ताटली, खुर्ची आणि कॉफीचे भांडे रंगवतो, तेव्हा त्यामागे हव्यास नसतो. घर नसलेल्या माणसाला घर म्हणजे काय हे जसे कळते, तसे त्याला ते कळले होते.

फेब्रुवारी १८८८ मध्ये तो आर्लला आला. मे महिन्यात त्याने महिना १५ फ्रँक भाड्याने एका घराच्या खोल्या घेतल्या. हेच ते प्रसिद्ध 'पिवळे घर'. पुढे थिओने ३०० फ्रँक पाठवले, तेव्हा त्याने दोन पलंग, एक आरसा आणि तब्बल बारा खुर्च्या घेतल्या. एकट्या माणसाला बारा खुर्च्या कशाला? कारण त्याच्या मनात एक संकल्प होता. येथे चित्रकारांनी एकत्र राहावे, एकत्र काम करावे, खर्च वाटून घ्यावा. आपल्या भाषेत सांगायचे तर त्याला एक आश्रमच उभा करायचा होता.

त्या बारा खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर बसायला चित्रकार पॉल गोगँ २३ ऑक्टोबर १८८८ रोजी आला. दोघांचे स्वभाव जुळले नाहीत आणि वाद वाढत गेले. २३ डिसेंबरच्या रात्री व्हिन्सेंटचे मानसिक संतुलन पूर्ण बिघडले आणि त्याने स्वतःचा कान कापून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याला रुग्णालयात दाखल करण्यात आले. थिओ पॅरिसहून आगगाडीने धावत आला, भावाला भेटला आणि लगेच परत गेला. गोगँही निघून गेला. दोन महिन्यांत संकल्प संपला होता. अकरा खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि बाराव्या खुर्चीवर बसणाऱ्याला आता स्वतःचीच भीती वाटत होती.

७ जानेवारी १८८९ रोजी व्हिन्सेंट रुग्णालयातून घरी आला. आपल्याला सवय परत यावी म्हणून आधी एक-दोन स्थिरचित्रे काढीन, असे त्याने थिओला कळवले होते. आपण पाहिलेले चित्र त्याच दिवसांतले आहे.

आता पुन्हा एकदा चित्र डोळ्यांसमोर आणा. ते कांदे आता तसेच दिसतात का?

साठा मोजणी

आम्हाला हिशेबशास्त्रात एक गोष्ट पहिल्या वर्षीच शिकवतात. वर्षअखेरीस दुकानदार मालाची मोजणी करतो. त्या दिवशी गोदामात जे प्रत्यक्ष आहे तेच लिहायचे. जे असायला हवे होते ते लिहायचे नाही. जे चोरीला गेले, खराब झाले, उधारीत बुडाले, ते लपवायचे नाही. आणि जे शिल्लक आहे ते क्षुल्लक वाटले म्हणून सोडायचेही नाही. मोजणी चुकली तर पुढचा सगळा ताळेबंद चुकतो.

व्हिन्सेंटचे हे चित्र मला अशा प्रामाणिक मोजणीसारखे वाटते. त्याने टेबलावर पिवळ्या घराचे मोडलेले स्वप्न मांडले नाही, गोगँची खुर्ची मांडली नाही, आणि 'मी आता पूर्ण बरा आहे' असे दाखवण्यासाठी फुलेही मांडली नाहीत. आज घरात काय आहे? कांदे आहेत, पुस्तक आहे, भावाचे पत्र आहे. तर मग तेच.

आणि त्याने बाटलीही काढून टाकली नाही. आपल्यापैकी अनेकांच्या मनात पाइप आणि बाटली पाहून थोडी नाराजी येईल. व्यसनमुक्तीसाठी काम करणाऱ्या बंधू-भगिनींना तर नक्कीच येईल, आणि ती योग्यही आहे. धूम्रपान आणि मद्य या दोन्हींनी त्याचे नुकसानच केले. पण येथे शिकण्यासारखे वेगळे आहे. पाहुणे येणार म्हणून आपण जशी खोली आवरतो, तसे आत्मपरीक्षण करताना आपण मनही आवरून ठेवतो. रोजनिशीत चांगले तेवढे लिहितो. स्वतःला दाखवायलासुद्धा स्वतःचे सजवलेले रूप ठेवतो. या माणसाने बाटली आणि औषधाचे पुस्तक एकाच टेबलावर ठेवले. जमा आणि नावे, दोन्ही बाजू एकाच पानावर.

थिओचे पत्र तर दोन्ही बाजूंना येते. व्हिन्सेंटचा रंगांचा, कॅनव्हासचा, घरभाड्याचा आणि जेवणाचा खर्च थिओच करत असे आणि पैसे बहुधा पत्रातूनच येत. म्हणजे ते पत्र प्रेम होते आणि कर्जही होते. आपण भावावर ओझे आहोत ही टोचणी व्हिन्सेंटला शेवटपर्यंत राहिली. काही अभ्यासकांच्या मते चित्रातले पत्र हे थिओचे लग्न ठरल्याची वार्ता आणणारे आहे. तसे असेल तर भावाच्या आनंदाची ती बातमी व्हिन्सेंटच्या मनात भीतीही घेऊन आली असेल, आता माझे काय होणार? तरीही पत्र टेबलावर आहे, फाडलेले किंवा लपवलेले नाही. आणि शेजारी लाख आहे, ज्योत आहे. म्हणजे उत्तर लिहून पाकीट बंद करण्याची तयारी आहे. घरी आल्यावर त्याने थिओला, तसेच आईला आणि बहिणीला पत्रे लिहिलीही.

चार आधार

या टेबलाकडे पाहत राहिले की वस्तूंचे चार गट दिसू लागतात. हे गट चित्रकाराने केलेले नाहीत. अभ्यासाच्या सोयीसाठी मी ते केले आहेत.

पहिला, अन्न. कांदा हे गरिबाघरचे अन्न आहे. आपल्याकडेही भाकरी, कांदा आणि चटणी म्हटले की जेवण झाले. मन खचले की पहिल्यांदा जेवणाची वेळ सुटते. मोठे संकल्प दूरच, पण दोन वेळा नीट जेवणे हीसुद्धा त्या दिवसांतली साधनाच असते.

दुसरा, औषध. रास्पाय यांचे पुस्तक सर्वसामान्यांना परवडतील असे घरगुती उपचार सांगणारे होते आणि त्यात कापराला मोठे स्थान होते. त्या दिवसांत व्हिन्सेंटला झोप लागत नसे. एकटे झोपायची भीती वाटे. त्याने उशीत आणि गादीत भरपूर कापूर घातला आणि तो उपाय थिओला कळवला. आपल्याला कापूर आरतीच्या तबकातला माहीत. उशीत कापूर भरून, डोळे मिटायला घाबरणारा पस्तीस वर्षांचा माणूस डोळ्यांसमोर आणा. आज कोणी हा उपाय करू नये, ती त्या काळची समजूत होती. महत्त्वाचे हे की त्याने आपला आजार मान्य केला आणि उपाय शोधला. रुग्णालयातील तरुण डॉक्टर फेलिक्स रे यांच्याशी तो बोलत राहिला, जखमेच्या मलमपट्टीसाठी जात राहिला आणि त्याच महिन्यात त्यांचे व्यक्तिचित्रही त्याने काढले.

तिसरा, नाते. पत्र आणि लाख या गटात येतात. थिओ दूर होता, पण जवळही कोणी होते. आर्लच्या टपाल खात्यातील जोसेफ रूलँ हा मित्र रुग्णालयात त्याची चौकशी करत असे, थिओला कळवत असे. पुढे थोड्याच दिवसांत त्याची मार्सेयला बदली झाली आणि व्हिन्सेंट आणखी एकटा पडला. पण त्या पंधरा दिवसांत हा एक माणूस येत-जात राहिला. मोठी मदत करता आली नाही तरी असे येत-जात राहणे आपल्या प्रत्येकाच्या हातात असते.

चौथा, काम. सगळ्या वस्तूंच्या खाली काय आहे ते विसरू नका. ड्रॉइंग बोर्ड! अन्न, औषध आणि पत्र यांना खालून आधार त्या फळीचा आहे. आणि काम किती लहान घेतले ते पाहा. घराबाहेर जाऊन आकाश रंगवायला तो बसला नाही. घरातले, हाताशी असलेले, न हलणारे, न बोलणारे असे काहीतरी घेतले. कांदा पाहायचा आणि जसा दिसतो तसा रंगवायचा. एवढे जमले की पुढचे. त्याच जानेवारीत त्याने कानाला पट्टी बांधलेली आपली स्वतःची चित्रे काढली, आणि महिना संपेपर्यंत त्याची प्रसिद्ध सूर्यफुले पुन्हा एकदा रंगवली. सूर्यफुले कांद्यांनंतर आली.

माझ्या टेबलाची गोष्ट

गेल्या वर्षी तिसऱ्या सत्रात मी कॉस्ट अकाउंटिंगमध्ये नापास झाले. तुम्हाला ही लहान गोष्ट वाटेल. माझ्या घरात मात्र महाविद्यालयापर्यंत पोहोचलेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे निकाल माझ्या एकटीचा नव्हता. घरी कोणी रागावले नाही, आणि ते अधिक जड गेले. जवळजवळ दोन महिने मी पुस्तक उघडले नाही. सेवेचे लेखही तसेच पडून राहिले. कोणी विचारले तर 'अभ्यास फार आहे' असे सांगत होते, म्हणजे खोटे बोलत होते.

अनुवादाचे काम पाहणाऱ्या ताईंनी एक दिवस मला अर्ध्या पानाचा मजकूर पाठवला. 'किती उशीर झाला' असे त्यांनी विचारले नाही. फक्त लिहिले, "एवढेच कर. आजच पाहिजे असे नाही." अर्ध्या पानाला मला चार दिवस लागले! पण ते अर्धे पान झाले तेव्हा टेबलावर दोन महिने उलटा ठेवलेला निकालाचा कागद मी सरळ केला आणि बेरीज पुन्हा पाहिली. कोणता भाग कच्चा आहे ते पहिल्यांदा नीट दिसले. पुढच्या खेपेला मी उत्तीर्ण झाले, जेमतेम गुणांनी.

म्हणून मला त्या कांद्यांविषयी आपुलकी वाटते. ते मला अर्ध्या पानासारखे दिसतात.

येथे एक सावधगिरी हवी

आता मी येथेच लेख संपवला असता तर वाचायला छान वाटले असते. पडला, उठला, कांदे रंगवले, बरा झाला. पण ते सत्य नाही, आणि स्वाध्यायात आपण अर्धे सत्य घेऊन पुढे जाऊ नये.

फेब्रुवारी १८८९ मध्ये व्हिन्सेंटला पुन्हा झटका आला आणि पुन्हा रुग्णालयात जावे लागले. शेजारपाजारच्या सुमारे तीस जणांनी त्याच्याविरुद्ध सह्या करून अर्ज दिला. पिवळे घर बंद करण्यात आले. मे महिन्यात तो स्वतःहून सँ-रेमी येथील मनोरुग्णालयात दाखल झाला. २९ जुलै १८९० रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी, स्वतःवर झाडून घेतलेल्या गोळीच्या जखमेने त्याचा मृत्यू झाला. सहा महिन्यांनी थिओही गेला.

मग त्या टेबलाचा उपयोग काय झाला? मी यावर पुष्कळ विचार केला. मला वाटते, चित्राने आजार बरा केला नाही, कारण चित्राचे ते कामच नव्हते. चित्राने त्याला ते दिवस दिले. जानेवारीतल्या त्या चित्रानंतरच्या दीड वर्षात त्याने जे रंगवले, त्यासाठी जगभरातून लोक आज रांगा लावतात. पण रांगा लागल्या नसत्या तरी ते दिवस वाया गेले असे मी म्हणणार नाही. आजारी माणूस नीट पाहू शकतो, प्रेमाने काम करू शकतो, पत्राला उत्तर देऊ शकतो. आजार म्हणजे माणसाचा पराभव नव्हे.

हे मी का सांगते आहे, ते स्पष्टच सांगते. माझ्या परिचयातील एक काका अनेक वर्षे नियमित ध्यान करतात. त्यांना मनाच्या आजारासाठी गोळ्या चालू होत्या. कोणीतरी त्यांना सांगितले, "साधना पक्की असेल तर गोळ्या कशाला?" सांगणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. काकांनी गोळ्या स्वतःच्या मनाने बंद केल्या आणि काही आठवड्यांत त्यांची झोप उडाली, बोलणे तुटले. काकूंनी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे नेले. आज काका सकाळी गोळी घेतात आणि मग आसनावर बसतात. मी त्यांना विचारले, तेव्हा म्हणाले, "अगं, चष्मा लावून पोथी वाचतोच ना मी? मग गोळी घेऊन ध्यान का नको?"

वाचकहो, आपल्यात असे कितीतरी जण असतील जे लाजेने औषधाचे पुस्तक टेबलाखाली लपवतात. कृपया लपवू नका, आणि दुसऱ्याला लपवायला लावू नका. ज्याने आपला आजार सांगितला त्याच्या श्रद्धेचे मोजमाप करू नका. मन फार अंधारले असेल, जगू नये असे विचार येत असतील, तर घरातील कोणाला तरी आजच सांगा आणि डॉक्टरांना भेटा. भारत सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते. तो फोन लावणे म्हणजे साधनेत कमी पडणे नव्हे.

पत्रांचे पुढे काय झाले?

टेबलावरच्या पत्राविषयी एक शेवटची गोष्ट. चित्रातले ते पत्र खरोखरच लग्नाच्या बातमीचे असेल किंवा नसेल, पण थिओचे लग्न एप्रिल १८८९ मध्ये जो बोंगर हिच्याशी झाले. पावणेदोन वर्षांत ती विधवा झाली. कडेवर तान्हे मूल आणि घरभर कोणी विकत न घेतलेली चित्रे. त्या चित्रांना तेव्हा फारशी किंमत नव्हती. तिने ती सांभाळली, लोकांपुढे आणली, आणि दोन्ही भावांच्या पत्रव्यवहारातील पत्रे वर्षानुवर्षे लावून १९१४ मध्ये प्रसिद्ध केली. व्हिन्सेंटची ८०० हून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत, त्यांतली बहुतेक थिओला लिहिलेली.

म्हणजे ज्या लग्नामुळे आपला आधार तुटेल अशी भीती व्हिन्सेंटला वाटली असेल, त्याच लग्नाने घरात आलेल्या स्त्रीने त्याचे सारे काम जगापर्यंत पोहोचवले. टेबलावर जे कर्जाच्या बाजूला लिहिले, ते कालांतराने जमेच्या बाजूला आले. आपल्यालाही आपल्या टेबलावरची प्रत्येक वस्तू कोणत्या रकान्यात टाकायची ते आज कळेलच असे नाही. आज फक्त नोंद करायची, रकाना नंतर ठरेल.

या आठवड्याचा स्वाध्याय

या आठवड्यात रोज दहा मिनिटे पुढील अभ्यास करावा, अशी विनंती आहे. त्यासाठी चित्रकला यायला हवी असे मुळीच नाही.

१. आपण रोज जेथे बसता, तेथील टेबल, ओटा किंवा खाट पाहा. काहीही न आवरता, त्यावर जे जे आहे त्याची यादी करा. औषधाची पट्टी, न भरलेले बिल, चार्जर, कोणाची तरी लग्नपत्रिका, जे असेल ते. चांगले दिसावे म्हणून काही वगळू नका.

२. यादीतील एक वस्तू निवडा आणि पाच मिनिटे तिच्याकडे नुसते पाहा. ती कोणी दिली, तिने किती दिवस साथ दिली, हे आठवा. मन इकडेतिकडे गेले तर पुन्हा वस्तूकडे आणा.

३. वर सांगितलेल्या चार आधारांपैकी, म्हणजे अन्न, औषध, नाते आणि काम यांपैकी, सध्या आपल्या टेबलावर कोणता नाही? त्याच्यासाठी या आठवड्यात एक लहान पाऊल टाका. मोठे नको, अर्ध्या पानाएवढे पुरे.

४. एखादे पत्र, संदेश किंवा फोन, ज्याचे उत्तर द्यायचे राहून गेले आहे, त्याला उत्तर द्या. उशीर का झाला याचे लांब स्पष्टीकरण देऊ नका.

५. आपल्या ओळखीत नुकतेच रुग्णालयातून घरी आलेले, परीक्षेत नापास झालेले किंवा घरात एकटे पडलेले कोणी आहे का? त्यांच्याकडे जाऊन या. उपदेश करू नका. काही खायला घेऊन जा, थोडा वेळ बसा, आणि पुन्हा केव्हा येणार ते सांगून या.

सामूहिक वाचन होत असेल तेथे पहिला आणि पाचवा प्रश्न मोठ्याने चर्चेला घ्यावा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ज्याने त्याने आपल्यापाशी ठेवावे. ज्याला सांगावेसे वाटेल तो सांगेल.

शेवटी पुन्हा एकदा त्या टेबलाकडे वळू या. कांदे ताटलीत आहेत, कोंब हिरवे आहेत, मेणबत्ती जळते आहे, पत्राला उत्तर द्यायचे आहे. बाहेर जानेवारीची थंडी आहे आणि शेजाऱ्यांना या घराची भीती वाटते. आत एक माणूस ब्रश हातात घेतो आणि जे समोर आहे ते पाहू लागतो.

आपल्यालाही आज समोर जे आहे ते पाहण्याचे धैर्य लाभो. आपण आहात तेथून, आहात तसे, आरंभ करावा.

सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा.